आबांचा पाच लिटरचा डबा

रविवार, १२ मे २०२४. रक्कम सतराशे पन्नास रुपये. हजर तिघे: आबा, माय आणि मी. रक्कम आबांनी आदल्या दिवशीच, मला न विचारता दिली होती. तिच्या बदल्यात आणलेला इंजिन ऑइलचा पाच लिटरचा डबा परभणीतल्या आमच्या बैठकीत, माझ्या खुर्चीसमोर फरशीवर ठेवलेला होता. त्यावर २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं होतं.

गाडी आम्ही आदल्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला घेतली. मंगळवारी तिची वर्षाची सर्व्हिसिंग होती. सर्व्हिस सेंटरवाल्याने फोनवर सांगितलं होतं की ऑइल बाहेरून आणलं तरी चालेल, पण ग्रेड पुस्तकातलीच हवी. दुसरी घातली तर वॉरंटीचं आम्ही बघणार नाही, असंही तो म्हणाला. पुस्तकात ०डब्ल्यू-२० आहे. हे सगळं मी घरात मोठ्याने सांगितलं होतं. आबांनी त्यातलं ‘बाहेरून आणलं तरी चालेल’ एवढंच घेतलं.

आबांनी पेडगावला एकोणतीस वर्षं स्वतःचा ट्रॅक्टर चालवला. त्यात इंजिन एकदाच खोललं असं ते सांगतात. मला दोनदा आठवतं. ट्रॅक्टर विकून ते आणि माय माझ्याकडे राहायला आले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून यंत्राबद्दल त्यांना कुणी काही विचारलेलं नाही. पाण्याची मोटर बंद पडली की मी फोन करून माणूस बोलावतो. हे माझ्या ध्यानात आलं ते तो डबा बघितल्यावर. तो परत करा म्हणायला जीभ उचलेना. आणि घातला तर वॉरंटी जाणार होती.

मी डब्याकडे नुसता बघतोय म्हटल्यावर आबांनी मला अंगणात नेलं, बॉनेट उघडायला लावलं आणि ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली. तिच्या टोकाचं तेल अंगठा आणि बोटात धरलं, चोळलं, बोटं हळूच लांब केली.

“तार धरायलंय का? न्हाई. तेल हाय का पाणी हाय हे? पोखर्णीला जाऊन येईपर्यंत ह्याचं ताक होईल.”

पोखर्णीला नृसिंह जयंतीला जायचं ठरलेलं होतं. गाडीतून.

मी आत येऊन वही काढली. तीत ऑइलच्या ग्रेडवर दीड पान लिहून ठेवलं होतं. पहिला आकडा थंड इंजिनचा, दुसरा तापलेल्या इंजिनचा. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. बाहेर चव्वेचाळीस डिग्री असो की चोवीस, तापलेलं इंजिन नव्वद-शंभरच्या आसपासच राहतं, पंखा आणि रेडिएटरचं पाणी त्याला तिथे धरून ठेवतात. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“हिवाळ्याचं तेल तू मे महिन्यात घालायलास,” ते म्हणाले. “तेबी झीरो नंबरचं. झीरो म्हंजे काईच न्हाई की रे.”

“आबा, झीरो म्हणजे काहीच नाही असं नसतं. कंपनीने—”

“तू वही बघून गाडी चालव. मी यष्टीनं जातो पोखर्णीला.”

माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझी मुलगी वसतिगृहातून सुटीला येणार होती, तिच्यासाठी गुलाबजाम चालले होते. मायच्या हातात पाकाचा डाव होता.

“गुलाबजामच्या पाकाला मी तार येऊ देते का ओ?” तिने आबांना विचारलं.

“न्हाई.”

“का?”

“आत मुरत न्हाई.”

“आन बुंदीच्या लाडवाला?”

आबांनी डब्याकडे बघितलं.

“तुमचा ट्रॅक्टर लाडू व्हता,” माय म्हणाली. “ही गाडी गुलाबजाम हाय. पाक बघून पदार्थ करीत नसतेत.” आणि ती आत गेली, कारण गॅस चालू होता.

आबा बोटं चोळत बसले. तेल कधीच पुसलं गेलं होतं. मग त्यांनी मला विचारलं, “ह्या इंजिनात फटी केवढ्या असतेत?”

“जुन्या इंजिनांपेक्षा बारीक. आकडा मला माहीत नाही.”

“मग दीड पान काय लिहिलास?”

आबा स्वतःशीच बोलल्यासारखे पुढे म्हणाले, “म्हंजे सकाळी गाडी चालू केली की जाड तेल ह्या बारीक फटींतनं वर चढंस्तोर इंजिनाचा वरचा माल, म्हंजे पार्ट, कोरडाच फिरायचा. झिजायचा.”

मला जे समजावून सांगायचं होतं ते इतकंच होतं, आणि माझ्या वहीत हे वाक्य नव्हतं. मी ते तिथल्या तिथे खाली लिहून घेतलं. आबांनी ते पाहिलं.

सोमवारी संध्याकाळी डबा त्यांनीच उचलला. मी घेतो म्हटलं तर दिला नाही. सील फोडलेलं नव्हतं, म्हणून दुकानदार परत घ्यायला तयार झाला. पण झीरो-ट्वेंटी म्हटल्यावर तो थांबला.

“काका, ह्या उन्हात लय पातळ होईल बघा ते.”

मी तोंड उघडणार होतो. आबांनी माझ्या दंडाला धरलं.

“गुलाबजाम खातोस का तू?” त्यांनी दुकानदाराला विचारलं.

मग दहा मिनिटं त्यांनी त्याला फटी, कोरडा माल, हिवाळ्याचा आकडा आणि तापलेल्या इंजिनचा आकडा समजावून सांगितला. माझ्या दीड पानातलं ते काहीच विसरले नव्हते. पाकाचं सांगताना मात्र मायचं नाव घेतलं नाही. तेवढ्यात मागे एक ट्रॅक्टरवाला आला, त्याला आपला परत आलेला डबा दाखवून म्हणाले, “तुला हे घे. तुझं काम जाडाचं हाय.”

बाहेर येताना त्यांनी पोखर्णीला किती वाजता निघायचं ते विचारलं. उन्हाच्या आत, सहाला, मी म्हणालो. साडेपाचला, ते म्हणाले.

साडेतीन लिटरचा नवा डबा दोन हजार तीनशे ऐंशीचा. त्यातले सतराशे पन्नास आबांचे. वरचे सहाशे तीस मी दुकानदाराला दिले, आणि बिल आबांच्या नावावर करून घेतलं.