मंगळवारी रात्री दीड वाजता

त्या वर्षी माझ्या अंगात इंटरनेट शिरलंय असं आई म्हणायची. खोटं नव्हतं ते. कॉलेज रोडला नवे नवे सायबर कॅफे निघाले होते, मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि घरबसल्या होणारं कामसुद्धा मी तिथं जाऊन करायचे. दोन गल्ल्या पलीकडच्या मैत्रिणीला ईमेल पाठवायचे आणि मग तिच्या दारात जाऊन सांगायचे, "अगं, मेल बघ ना!" वरणफळांची कृती इंटरनेटवरून उतरवून आणली, तेव्हा आई म्हणाली, "का गं, मी मेले होते का?" मी म्हटलं, "तुझ्या कृतीत मापं नसतात." असा माझा तोरा. आधीच नाकावर राग, त्यात हे नवं शहाणपण.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. तिशीला टेकली होती. बघण्याचे कार्यक्रम इतके झाले होते की पाहुणे जिना उतरले की ती आतूनच विचारायची, "या वेळी काय? उंची की रंग?" हसत विचारायची, पण मला ते हसणं ऐकवायचं नाही.

मनमाडचं स्थळ आलं ते मे महिन्यात. मुलगा रेल्वेत होता. बोलायला साधा. त्यानं ताईला गाणं येतं का, स्वयंपाक येतो का, असलं काही विचारलं नाही. म्हणाला, "मला सुई बघितली तरी घेरी येते. तुम्ही दिवसभर कसं करता?" ताई खळखळून हसली. पाहुण्यांसमोर, पोह्याची बशी हातात धरून. संध्याकाळी भाजी निवडताना तिनं आपणहून विचारलं, "त्यांचा काही निरोप आला का गं?" इतक्या वर्षांत तिनं असं कधी विचारलं नव्हतं. आईनं तोंड फिरवून डोळे पुसले.

निरोप आला. मुलगी पसंत आहे, पत्रिका तेवढी बघून घ्या. मुलाचे वडील फोनवर बाबांना म्हणाले, "तुम्हीच बघा, आमचा विश्वास आहे. पण गुरुवारपर्यंत कळवा. नांदगावचं एक स्थळ सांगून आलंय, त्यांना थांबवून ठेवलंय." त्यांचीही चूक नव्हती. पावसाळ्यात सिंहस्थ लागणार होता. गुरू सिंह राशीत गेला की आमच्याकडं वर्षभर लग्नं लागत नाहीत. त्यामुळे ज्याला त्याला जूनच्या आत बार उडवायचा होता. एक मंगल कार्यालय रिकामं नव्हतं आणि एक गुरुजी घरी सापडत नव्हते.

आमचे गुरुजी पंचवटीतले. बाबा सोमवारी गेले, बुधवारी गेले. गुरुजींच्या घरून एकच उत्तर, "लग्नं लावत फिरतायत, शनिवारी येतील." बाबा घामाघूम होऊन परत आले आणि खुर्चीत बसून राहिले. मी म्हटलं, "एवढ्यासाठी कशाला हेलपाटे? इंटरनेटवर पत्रिका जुळवून मिळते. पाच मिनिटांत." बाबांनी माझ्याकडं पाहिलं. आई म्हणाली, "असली कामं गुरुजींचीच." मी भडकले. म्हटलं, "गुरुवार उद्यावर आलाय, आणि तुम्ही बसा पंचांगाची वाट बघत!"

ताईचा जन्म घोटीला, आजोळी. आजोबांनी त्या वर्षीच्या पंचांगाचं पान जपून ठेवलं होतं. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, मंगळवार, तारीख, रात्री दीड वाजता, कन्या. पत्रिकेपर्यंत बोलणी आजवर पोचलीच नव्हती, म्हणून ती वेगळी मांडून घेतली नव्हती. ते पान घेऊन मी निघाले. आमच्या घरी वाढदिवस तिथीनं, औक्षण करून. ताईची तारीख मला तोंडपाठ असायचं काही कारणच नव्हतं.

कॅफेतल्या लाकडी खोपट्यात बसून मी सगळं भरलं. नाव, गाव, तारीख. रात्री दीड म्हणजे एएम, हे मी बरोबर निवडलं. तिथं चुकणारी मी नव्हे, कोर्स केला होता ना! मग मुलाचं भरलं, त्याच्या वडिलांनी फोनवर सांगितलेलं. पान उघडायला इतका वेळ लागला की मी नखं कुरतडली. वरून एकेक ओळ उतरत आली आणि शेवटी लाल अक्षरं आली. नाडी, आठपैकी शून्य. दोघांची एकच नाडी.

 आमच्याकडं बाकी काही कमीजास्त चालून जातं, एकनाडी चालत नाही. मी पुन्हा तारीख ताडून पाहिली. पानावर होती तीच. वेळ तीच. छापून घेतलं आणि घरी आले.

ताई नुकतीच लॅबमधून आली होती, चपला पायातच होत्या. मी तिला बाजूला घ्यायला हवं होतं. नाही घेतलं. मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळ्यांसमोर. बाबांनी पान आणि कागद शेजारी शेजारी धरून पाहिले. "नीट भरलंस ना?" मी म्हटलं, "बाबा, कॉम्प्युटर चुकत नाही."

ताईनं कागद मागितला नाही. चपला काढल्या आणि हात धुवायला आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

"शनिवारपर्यंत थांबू या का?" आई म्हणाली. "त्यांना म्हणू, दोन दिवस द्या."

आणि मी म्हणाले, हे मी विसरू शकत नाही, "गुरुजी वेगळं काय सांगणार? तिला आणखी दोन दिवस टांगून ठेवायचं का?" मला वाटलं, मी ताईचीच बाजू घेतेय.

बाबांचा स्वभाव सरळ. दुसऱ्याचं स्थळ अडवून ठेवणं त्यांना जमणारं नव्हतं. गुरुवारी सकाळी त्यांनी फोन लावला आणि सांगितलं, "एकनाडी येतेय." पलीकडून म्हणाले, "अरेरे. मग राहू द्या. योग नव्हता म्हणायचं." दोन मिनिटांत सगळं आटोपलं.

शनिवारी बाबा गुरुजींना झालेलं सांगायला निघाले, तेव्हा आजोबांचं पान घेऊन मीही गेले. का गेले? खरं सांगायचं तर मला गुरुजींना तो छापील कागद दाखवायचा होता. गुरुजी दमून भिंतीला टेकले होते. त्यांनी माझा कागद बघितला, मग आजोबांचं पान बघितलं, आणि बाबांना विचारलं, "दीड म्हणजे मंगळवारचा दिवस मावळल्यानंतरचा ना?"

"हो. मंगळवारची रात्र."

"मग इंग्रजी तारीख बुधवारची झाली. आपला वार उजाडेपर्यंत चालतो, त्यांची तारीख बाराला बदलते. हिनं मंगळवारचीच घातलीय. अहो, पोरीला चोवीस तास आधीच जन्माला घातलंत की!"

त्यांनी पंचांग ओढलं, बोटांच्या पेरांवर मोजलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. "पुनर्वसू नाही, पुष्य नक्षत्र. नाडी वेगळी. साडेसत्तावीस गुण जुळतात. उत्तम पत्रिका आहे, करून टाका."

मला वाटलं धरणी दुभंगावी. बाबा उठले आणि पायात चपला सरकवल्या. नाक्यावरच्या बूथवरून आम्ही मनमाडला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. कुणी उचलेना. बाबा म्हणाले, "नाही म्हणालो ते फोनवर. हो तरी समोर जाऊन म्हणू." घरी न सांगताच नाशिकरोड गाठलं आणि मिळाली त्या गाडीत चढलो. ताईला खोटी आशा लावायला नको, असं बाबा म्हणाले.

निफाड, लासलगाव... प्रत्येक स्टेशनावर गाडी थांबली की मला वाटायचं, उतरून ढकलावी. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. चूक माझी आहे, काका. माझ्या बहिणीचा काही दोष नाही. हात जोडायची वेळ आली तर तेही करीन. आणि ते हो म्हणतीलच, का नाही म्हणणार? दोनच तर दिवस झाले होते.

मनमाडला क्वार्टरला कुलूप होतं. शेजारच्या बाई दाण्याच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बसा की इथं. सकाळधरनं गेलेत सगळे नांदगावला. येतीलच आता." बाबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी विचारलं, "नांदगावला कशाला?" त्या म्हणाल्या, "मला नाय बा माहीत. पर लय नटूनथटून गेलेत."

तासभर आम्ही त्यांच्या पायरीवर बसलो. मी देवाला म्हणत होते, बघायलाच गेले असू देत. नुसतं बघायला.

जीप आली. आधी मुलाची आई उतरली, हातात पेढ्यांचा पुडा. मग तो उतरला. कपाळाला गंध, गंधाला अक्षता चिकटलेल्या, खांद्यावर नवा टॉवेल. सुपारी फुटली होती.

मुलाचे वडील आम्हाला बघून जरा गोंधळले. "अरे, तुम्ही? इकडं कुठं?"

मी तोंड उघडलं. बाबांनी माझं मनगट असं दाबलं की पुढं दोन दिवस दुखत होतं. "मनमाडला काम होतं," बाबा म्हणाले. "म्हटलं, जाता जाता भेटून जावं. फोनवर बोललो ते बरं वाटलं नाही."

"मोठ्या मनाचे आहात," ते म्हणाले. त्यांनी पुडा पुढं केला. बाबांनी पेढा घेतला, खाल्ला, मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सुखी राहा." माझ्याही हातावर पेढा आला. मुलगा आमच्याकडं बघत होता, काहीतरी विचारायचं असल्यासारखा. त्यानं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत मी बाबांवर तुटून पडले. "का नाही सांगितलंत? त्यांनी मोडलं असतं!"

"म्हणूनच," बाबा म्हणाले. "तिकडंही एक मुलगी आहे."

घरी पोचलो तेव्हा आई आणि ताई जेवायच्या थांबल्या होत्या. बाबांनी सगळं सांगितलं, गुरुजींपासून पेढ्यापर्यंत. आईनं कपाळावर हात मारला. मी ताईच्या शिव्यांची वाट बघत उभी होते. तिनं मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं हात पुढं केला. "बघू तो कागद."

आत्तापर्यंत तिनं तो हातात घेतला नव्हता. वाचता वाचता तिचं बोट तारखेपाशी थांबलं.

"ही माझी तारीख नाहीच," ती म्हणाली. "माझी दुसऱ्या दिवसाची. शाळेच्या दाखल्यावर आहे, लॅबच्या कार्डावर आहे. मला विचारायचं होतंस गं."

 तिचं लग्न ठरवत होतो, आणि चौघांच्या घरात तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.