नंदीशची शेवटची फेरी

नवी पेठेतून जीप निघाली तेव्हा मेजर नंदीशच्या डोक्याला फेटा काचत होता. चादरीच्या मागावर हयात घालवलेल्या ईरप्पाचा हा मुलगा. सैन्यात हेलिकॉप्टर उडवतो. सीमेवरची एक उंच चौकी शत्रूने वेढली, तेव्हा गोळीबारात पुन्हा पुन्हा उतरून त्याने जवानांना बाहेर काढलं. सोलापूरला एवढंच ठाऊक होतं. कापडवाले दुकानं सोडून हार घालायला येत होते. नंदीश हसत होता. हसून हसून जबडा दुखत होता.

"जीपला दारं न्हाईत, साहेब," सत्कार भरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष बाळासो म्हणाला. "म्हटलं, तुमास्नी सवय असंल."

सभागृहाच्या दारात बाळासो त्याच्या कानाला लागला. "एक बेत केलाय. माढ्याकडचा शिवराज त्याच चौकीवर शहीद झाला न्हवं? त्याच्या आईला आणलंय. तुमच्या शेजारची खुर्ची. चादर तुमच्या हातानं. लई शोभंल."

"कुठं आहेत त्या?"

मंचामागच्या खोलीत सोनाबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. पुढच्या निवलेल्या चहावर साय धरली होती. नंदीश दिसताच ती उठू लागली. त्याने तिला बसवलं.

"तुमीच का ते साहेब? शिवराज फोनवर सांगायचा. रसद घिऊन येत्यात, माझ्यासाठी शेंगाचटनी आनत्यात म्हनायचा."

"व्हय, मावशी."

सोनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "एक इचारू? गावात बोलत्यात. समदी आली, ह्योच कसा मागं ऱ्हायला? भिऊन लपला व्हता का?"

'मला माहीत नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणी खोदून विचारलं नसतं. बाहेर माइकवर नंदीशचं नाव घेतलं जात होतं. तो तिच्यासमोर फरशीवर बसला.

"लपला नव्हता, मावशी. मी त्याला उतरवलं."

मग त्याने सांगितलं. तिथं हवा विरळ असते. हेलिकॉप्टर फार वजन उचलत नाही. शेवटच्या फेरीला तिघं उरले होते. एकाला शुद्ध नव्हती. दुसऱ्याचा हात मोडला होता, पण तो चालत होता. शिवराज धडधाकट. त्याने दोघांना आणून आत बसवलं आणि स्वतः चढला. हेलिकॉप्टर जमीन सोडेना. गोळ्या पत्रा फोडून आत येत होत्या. एकाला उतरवणं भाग होतं.

"हात मोडलेला दुसऱ्या राज्यातला होता. त्याला 'उतर' म्हणायला माझी जीभ रेटेना. मागं वळलो आणि आपल्या भाषेत म्हणालो, शिवराज, उतर, मी परत येतो."

"मग?"

"लगेच उतरला. दार त्यानंच लावलं."

"आन् तुमी?"

"तळावर पोचलो तेव्हा टाकी गळत होती. दुसरं हेलिकॉप्टर मिळालं नाही. अंधार पडला. सकाळी दुसरे लोक गेले, तोवर उशीर झाला होता."

सोनाबाई रडली नाही. ती त्याच्या फेट्याकडे बघत होती.

"पंगतीत घरचं मानूस शेवटाला बसवत्यात," ती म्हणाली. "तसं केलंसा तुमी."

नंदीशने मान डोलावली.

"पर शेवटच्या पंगतीलाबी वाढत्यात की, साहेब."

दारात बाळासो आला. "चला, लोक थांबल्यात."

सोनाबाई उठली. "हे तितं सांगा," ती नंदीशला म्हणाली. "माझ्या गावची मान्सं आल्यात. लपला न्हवता म्हनून सांगा."

मंचावर ती त्याच्या शेजारी बसली. त्याने दिलेली चादर मांडीवर घेतली, उलगडली नाही. पहिल्या रांगेत ईरप्पा होता, इस्त्रीच्या सदऱ्यात, ताठ. नंदीश माइकपाशी गेला.

"शिवराज लपला नव्हता," तो म्हणाला. "तो हेलिकॉप्टरात बसला होता. मी त्याला उतरायला सांगितलं. तो उतरला, म्हणून बाकीचे वाचले."

सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या, घोषणा. माढ्याकडची माणसं डोळे पुसत होती. बाळासोने इशारा केला तसा मागे कुणीतरी गाणं लावलं. लोकांना त्यात बलिदान ऐकू आलं होतं आणि साहेबांचा मोठेपणा. ईरप्पा वळून शेजाऱ्याशी काहीतरी बोलत होता, अभिमानाने.

सोनाबाईचे हात चादरीवर तसेच होते.

खाली जाऊन बसणं सोपं होतं. तिने मागितलं तेवढं सांगून झालं होतं. नंदीशने हात वर करून गाणं बंद करायला लावलं. टाळ्या ओसरेपर्यंत तो थांबला.

"मी त्याला परत येतो म्हणालो होतो," तो म्हणाला. "त्यानं वाट बघितली असेल. मी गेलो नाही."

टाळी वाजली नाही. ईरप्पाने मान खाली घातली. नंदीशने फेटा उतरवून माइकच्या टेबलावर ठेवला आणि तो सोनाबाईच्या शेजारी जाऊन बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पण खुर्चीही दूर सरकवली नाही.