ड्रम परत भरून ठेवला

माया अमरावतीची. लग्न होऊन अकोल्याला आली तेव्हा पहिल्याच सकाळी तिनं चूळ भरली आणि तोंड वाकडं केलं. "पानी खारं आहे," ती म्हणाली. घरातले सगळे हसले. अकोट रस्त्यावरच्या त्या वस्तीत बोअर कुठेही मारा, पाणी खारंच लागतं. नळाला गोडं पाणी येतं, पण कधी येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून ते प्यायला आणि चहाला. बाकी सगळं बोअरवर. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तोटीवर पांढरा थर चढतो. थोरले दीर पंजाबराव तेव्हा म्हणाले होते, "अमरावतीवाल्यायचे चोचले." हे वाक्य त्या घरात टिकलं. मायानं भाजीत तिखट कमी घातलं तरी तेच, मुलीला शिकायला बाहेर पाठवलं तरी तेच.

त्या पाण्यावर अंगणात काही धड जगलं नाही. गुलाब गेले, मोगरा गेला. मग एका वर्षी कृषी प्रदर्शनात तिला एका स्टॉलवर किडे खाणारी झाडं दिसली. एकाची पानं दातेरी जबड्यासारखी उघडी, त्यात माशी बसली की मिटणारी. एक उंच सुरईसारखं, वर झाकण असलेलं. एकाच्या पानांवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. विकणारा म्हणाला, "ताई, यांना खत घालायचं नाही, शेणखत नाही, काळी माती नाही. माती जितकी निकस तितकं बरं, पोटाचं ते स्वतः बघतात. फक्त पाणी पावसाचं. क्षार यांना चालत नाहीत."

मायाला ते ऐकून बरं वाटलं. कुणाला वाढायचं नाही, असं काहीतरी तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच येत होतं.

तिनं मिस्त्री सिमेंट कालवायला वापरतात तसला काळा टब आणला. तळाला नाही, बाजूला, वरून चार बोटं खाली भोक पाडलं, म्हणजे खालचा चिखल कायम ओला राहील आणि जास्तीचं पाणी निघून जाईल. नारळाचा भुसा पावसाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुतला, कारण त्यातही मीठ असतं. धुतलेली रेती मिसळली. वर हिरवी जाळी बांधली. मागच्या दाराशी, गच्चीच्या पन्हाळीखाली निळा ड्रम ठेवला आणि पावसाळाभर भरून घेतला. पहिल्या उन्हाळ्यात निम्मी झाडं मेली. तिनं परत आणली. दुसऱ्या उन्हाळ्यात जगली.

बघायला येणारा प्रत्येक जण जबड्यात बोट घालायचा. माया सांगायची, उगाच मिटवलं की ते पान थकतं, काळं पडतं. पंजाबराव काडेपेटीतली काडी घालायचे. "खाय ना बे," ते झाडाला म्हणायचे, आणि तिच्याकडे बघून, "उपाशी ठेवते काय याले?"

यंदा एप्रिलमध्ये, आता वेगळं राहणाऱ्या पंजाबरावांच्या मुलाचा, गोपालचा साखरपुडा ठरला आणि तो मायाच्या अंगणात ठरला, कारण अंगण मोठं. तिला विचारलं नाही. तिचा नवरा गोवर्धन हो म्हणून आला होता. त्या दिवशी आचारी असूनही माया पहाटेपासून कढईपुढे होती. पुऱ्या, वडे, परत पुऱ्या. मागच्या दाराशी काय चाललंय ते बघायला तिला मान वर करायची सवड नव्हती. संध्याकाळी मांडव सुटल्यावर तिनं आधी टब बघितला. कुणी त्यात काही टाकलं नव्हतं. आठवड्यापूर्वीच्या अवकाळी पावसानं भरलेला ड्रम तसाच काठोकाठ, वर झाकण, झाकणावर दगड. तिला हायसं वाटलं. रोजच्यासारखं तिनं मगानं पाणी घातलं.

मे उजाडेपर्यंत जबड्यांच्या कडा काळ्या पडल्या. केसांवरचे थेंब सुकले. तिला वाटलं ऊन जास्त झालं, म्हणून तिनं जाळी दुहेरी केली आणि पाणी वाढवलं. झाडं आणखी खंगली. एके सकाळी टबमधल्या रेतीवर तिला पांढरी भुकटी दिसली. तसलीच भुकटी बोअरच्या तोटीवर असते.

तिनं ड्रमचं झाकण काढलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं. पहिल्या सकाळची ती चूळ तिला आठवली.

त्या रविवारी पंजाबराव आणि त्यांची बायको रुख्मिणी लग्नाची तारीख ठरवायला आले. माया पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आली. माया चिडली की हळू बोलते, हे गोवर्धनला ठाऊक होतं. त्यानं मोबाइल बाजूला ठेवला.

"भाऊजी, साखरपुड्याच्या दिवशी माझा निळा ड्रम कोनं उपसला?"

"म्या उपसाले लावला," पंजाबराव म्हणाले. "टँकर आलाच नाई, अन् लाइट गेली तं मोटरही बंद. आचारी बोंबलून राहिला होता, पानी द्या, पानी द्या. पावन्याइले काय कोरडे हात पुसाले लावता?"

"मले नाई सांगितलं."

"सांगाचं काय त्यात? परत भरून देल्ला ना. दिवेलागनीच्या आत, लाइट आल्याबरोबर मोटर लावून काठोकाठ भरला. आमी कोनाचं ठेवत नाई, बाई."

"अन् वरतून दगडही ठेवला," रुख्मिणी म्हणाली. "म्या सोता ठेवला."

"बोअरचं भरलं."

"मग काय मिनरल भरू? पानी ते पानी. झाडाले काय समजते?"

"झाडं मेली, भाऊजी."

"दुसरे आन. किडेखाऊच तं होते." पंजाबराव हसले. "इथं मानसाले पानी नाई अन् हिले झाडासाठी पावसाचं पायजे. अमरावतीवाल्यायचे चोचले."

माया आत गेली. गोवर्धनला वाटलं, चला, टळलं. तिनं मागच्या दारानं जाऊन ड्रममधलं पातेलंभर पाणी आणलं आणि त्याचा चहा ठेवला. साखर, पत्ती, आलं, सगळं नेहमीसारखं. दूध घातल्याबरोबर चहा फाटला. चोथा एकीकडे, पिवळं पाणी एकीकडे. तिनं तो न गाळता चांगल्या कपांत ओतला, ट्रेमध्ये ठेवला, सोबत बिस्किटं ठेवली.

पंजाबरावांनी कप तोंडाजवळ नेला आणि थांबले.

"हे काय? चहा फाटला."

"ड्रममधल्या पान्याचा आहे."

"बोअरच्या पान्याचा चहा कोन करते? येडी झाली काय तू?"

"म्हंजे समजते तुमाले," माया म्हणाली. आवाज अजून खालीच. "चहाले चालत नाई, ते बराबर समजते. वीस वर्सं मले म्हनता, चोचले. अन् तुमच्या घरी कधी या पान्याचा चहा झाला नाई. घ्या ना, भाऊजी. काठोकाठ देल्ला."

कुणी कप उचलला नाही. रुख्मिणीनं पदर सारखा केला. पंजाबराव उठले, "चाल वो," म्हणाले, आणि चप्पल घालताना गोवर्धनकडे बघितलं.

ते गेल्यावर गोवर्धन म्हणाला, "थोरल्या भावाले फाटका चहा देते?"

"तुमाले माहीत होतं ना, ड्रम उपसला ते?"

त्यानं मोबाइल परत उचलला.

"माहीत होतं. अन् मी रोज पानी घालून राहिली होती, ते बी दिसत होतं."

"मले वाटलं, चालते म्हनून."

"चालते," माया म्हणाली. "सगळं चालते तुमाले."

तिनं स्कूटी काढली आणि बॅटरीच्या दुकानातून बॅटरीत घालायच्या, क्षार नसलेल्या पाण्याचे कॅन आणले. टब उपसला. पांढरी रेती फेकली. मेलेले जबडे, सुकलेले केस उपटले. सुरईवाल्या झाडाचा एक कंद दाबून बघितला तर टणक लागला. तो तिनं धुऊन नव्या भुशात लावला आणि वरून हळूहळू पाणी सोडलं. जबडा नाही, थेंब नाही, एवढंच उरलं होतं.

जूनच्या तोंडाशी रुख्मिणीचा फोन आला. जणू काही झालंच नव्हतं. "माया, गोपालच्या लग्नाची हयद तुमच्याच अंगनात करू म्हनलं. आमचं अंगन लहान पडते."

"नाई जमत, वैनी."

"काहून?"

"अंगन माझं आहे म्हनून."

 मग रुख्मिणी म्हणाली, "ह्यायले सांगते तसं," आणि फोन ठेवला. गोवर्धन समोर जेवत होता. त्यानं ऐकलं. "दादाले काय सांगू आता मी?" तो म्हणाला.

"तुमचं तुमी पाहा."

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बघितलं, झोपायच्या खोलीतल्या एसीची पाण्याची नळी खिडकीबाहेर ठिबकते, तिथं त्यानं बादली ठेवली होती. ते पाणीही टबला चालतं, हे तिनं त्याला मागे कधी सांगितलं होतं. बादली जरा बाजूला होती. निम्मे थेंब जमिनीवर पडत होते. मायानं पायानं ती सरकवून नळीखाली आणली आणि टबकडे गेली. कंदातून बोटाएवढा कोंब वर आला होता, अजून झाकण मिटलेलं. तिनं त्याला हात लावला नाही.