वहिनीच्या अत्तराची बाटली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दादाला नाही, देवापुढेसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय? — कदाचित तुम्ही बरखेड्यातल्या दादाच्या क्वार्टरचं दार कधी वाजवणार नाही, म्हणून.

मी इथे भोपाळात एका प्रयोगशाळेत काम करते. हार्मोन्स कमीजास्त करणारी जनुकं, आणि विषाणूने फुप्फुसं बिघडण्याचा धोका — या दोन्हींचा संबंध आम्ही शोधतो. त्यामुळे घरच्यांच्या लेखी मी फार हुशार. मी बोलले की विषय संपला.

वहिनी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. दादाने विचारलं, "तिलाच का गं? त्याच घरात मी होतो, जुई होती..." जुई म्हणजे त्यांची मुलगी. वहिनीला थायरॉईडची गोळी चालू होती. मी म्हटलं, "तिचे हार्मोन्सच तसे होते, दादा. जनुकांतच असतं ते." किती सहज म्हटलं! आमचे पुरावे मोठ्या समूहांबद्दल बोलतात; एक बाई का गेली, हे ते सांगू शकत नाहीत. मला हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. वहिनीचं रक्त आम्ही कधी तपासलंसुद्धा नव्हतं.

आणखी एक गोष्ट ठाऊक होती.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. बाहेरच्या बायकांना बोलावता येत नव्हतं, पण एक तरी सवाष्ण हवीच, हा वहिनीचा हट्ट. मी अरेरा कॉलोनीतल्या माझ्या घरून तिच्याकडे गेले. सकाळपासून अंग कणकणत होतं — उन्हाचं असेल, म्हटलं. वहिनीने कुंकू लावलं, मनगटावर अत्तर लावलं. "वास येतोय ना, ताई? जवाहर चौकातून आणलंय." मी मनगट नाकाशी नेलं. काहीच नाही. पुन्हा हुंगलं. नुसतं पाणी लावल्यासारखं.

वास जाणं म्हणजे काय, हे त्या दिवसांत शेंबडं पोरही सांगत होतं. उठायला हवं होतं ना मी? पण पन्हं पुढे आलं होतं, वहिनी खुशीत होती. मी मास्क उतरवला, पन्हं प्यायले, आंबेडाळ खाल्ली, तिचा चेहरा जवळ घेऊन तिला कुंकू लावलं. "हो, छान आहे," म्हणाले. नंतर तिला ताप आला तेव्हाही गप्प बसले. मी भित्री आहे, दुसरं काही नाही.

माझं ते जनुकांचं वाक्य मात्र जुईने धरून ठेवलं. आईचं रक्त आपल्यातही आहे, आपणही तशाच जाणार — एवढंच तिच्या डोक्यात. ठरलेलं लग्न तिनेच मोडलं. भर उन्हाळ्यात खिडक्या बंद, घरातही तोंडाला मास्क. मला पाहून ती घाबरते, असं कधी कधी वाटतं — की मीच तिला घाबरते?

परवा गेले होते. तिने साखळी न काढता दार किलकिलं केलं. फटीतून हात बाहेर आला, हातात अत्तराची बाटली. वहिनीचीच. इतकी वर्षं झाली, ते अत्तर संपत कसं नाही, कळत नाही.

"आत्या, दूरच थांब. पहिले हे हुंग. जो भी येईल त्याला हुंगवते मी." मग मास्कच्या आडून, हुबेहूब वहिनीच्या आवाजात — "वास येतोय ना?"

त्या चैत्रात गेलेली माझी वासाची जाण परत आलीच नाही. हेही कुणाला माहीत नाही.

मी हुंगलं. काहीच नाही.

"हो, छान आहे," म्हणाले. तिने साखळी काढली, आणि मी आत गेले.