साहेबाले घेऊन जा गे मारबत

आणीबाणी उठून बरीच वर्षं झाल्यावर आमच्या नागपुरात एक फिल्म सोसायटी निघाली. तिचे सभासद दोन प्रकारचे. ज्यांना सिनेमा कळायचा ते, आणि कळल्यासारखा चेहरा करून बसायचे ते. मी दुसऱ्या गटात होते. एका रविवारी बाबांनाही सोबत नेलं. ते म्युनिसिपल शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि दिवसभर आईच्या फोडणीत चुका काढत बसायचे, तेव्हा नेलं म्हणण्यापेक्षा आईने त्यांना माझ्याबरोबर घालवलं म्हणणं बरं.

सिनेमा कुठल्याशा परदेशातला. तिथे एक हुकूमशहा आणि त्याच्या राज्यात गाण्यांनी वेडी झालेली पोरं-पोरी. बंदी घातलेल्या तबकड्या चोरून ऐकायच्या, तळघरात नाचायचं आणि वर आलं की पोलिसांचा मार खायचा. पोरं अशी देखणी की मार खातानाही त्यांचा भांग मोडत नव्हता. खालची इंग्रजी अक्षरं पुढच्या रांगेतल्या एका टकलामागे निम्मी झाकली जात होती. एका दृश्यात नायकाचा बाप घाबरून पोराच्या तबकड्या गुडघ्यावर मोडायला लागला, तेव्हा बाबा अंधारात म्हणाले, “काहून तोडून राहिला हा?”

“घाबरला ना, बाबा.”

ते परत पडद्याकडे बघायला लागले. मला मात्र पुढचा सिनेमा नीट दिसलाच नाही. मला आमचा बँड आठवत राहिला.

हो, बँड आमचाही होता. हुकूमशाहीही होती, जरा देशी वाणाची. भिंतीभिंतीवर कमी बोला, जास्त काम करा असं रंगवलेलं असायचं आणि त्याच भिंतीला टेकून माणसं नेहमीसारखी सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत उभी असायची. बँडमध्ये आम्ही तिघं. मी अकॉर्डियन वाजवायची. बदली होऊन गेलेल्या शेजाऱ्यांनी तो आमच्या गळ्यात मारला होता आणि त्याचे काही सूर कायमचे मेलेले होते. गिटारवाल्याचे केस खांद्यापर्यंत. तो इंग्रजी गाणी म्हणायचा, पण शब्द कळत नसल्यामुळे मनाचे घालायचा. तिसरा ड्रमवाला, इतवारीतला, शाळेत बाबांच्याच वर्गात. त्याच्या घरचे सगळे पुरुष मारबतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवणारे. त्याच्यासमोर कितीही विलायती गाणं ठेवा, हा जरा गडबडला की त्याचा हात मारबतीच्या चालीवर जायचा.

मारबत बाहेरच्यांना समजावून सांगावी लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बांबू-कागदाच्या एका अक्राळविक्राळ बाईची मिरवणूक निघते. ढोलांची ती ठरावीक चाल सुरू झाली की वकील असो की हमाल, रस्त्यावरचा प्रत्येक जण गळा ताणून ओरडतो, “रोगराई घेऊन जा गे मारबत!” ज्याला जे नकोसं झालं असेल ते त्याने तिच्या डोक्यावर घालायचं. मग तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. बाबांना हा सगळा प्रकार गावठी वाटायचा. त्या दिवशी ते खिडक्या लावून गणिताच्या वह्या तपासत बसायचे.

आमच्या बंडाला कारण झालं गिटारवाल्याचं डोकं. सीताबर्डीवर एका हवालदाराने त्याला धरलं आणि फुटपाथवरच्या न्हाव्यापुढे बसवून पार भादरून टाकलं. त्या दिवशी आम्ही तिघांनी शपथ घेतली की सरकारच्या कुठल्याही कार्यक्रमात वाजवायचं नाही. आम्हाला कुणी बोलावत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मग नेमकं बोलावणं आलं. त्या हिवाळ्यात मास्तर लोकांना नसबंदीच्या केसेस आणायचा हुकूम होता. बाबांना शेजारी वाटीभर साखर मागायचा संकोच, ते कुणाच्या दारात जाऊन नसबंदी करून घ्या म्हणणार? केस नाही तर निलंबन, असं हेडमास्तरांनी तोंडी सुनावलं. घरात मिळवणारे एकटे बाबा आणि खाणारे आम्ही सगळे. आईने देव पाण्यात घातले. शेवटी हेडमास्तरांनीच तोड काढली. शाळेच्या मैदानावर शिबिर होतं, उत्तरेकडून आलेला एक मोठा साहेब उद्घाटन करणार होता, आणि गर्दी जमत नव्हती. तुमच्या पोरीचा बँड वाजवा, गर्दी आणा, तुमचं मी सांभाळून घेतो, असं ते बाबांना म्हणाले.

“माहं डोकं भादरलं त्यायनं, अन् मी त्यायच्यासाठी वाजवू?” गिटारवाला उसळला.

“सरायसाठी वाजवू गा,” ड्रमवाला म्हणाला. “सर गेले तर मले गणितात पास कोण करन?”

या थोर विचारावर आमची शपथ मोडली.

शिबिराच्या दिवशी गर्दी झाली, पण सगळी फाटकाजवळ उभी. वेळ आली तर पळता यावं म्हणून. साहेबाची जीप आत आली आणि आम्ही आमचं सगळ्यात भारी इंग्रजी गाणं सुरू केलं. तेवढ्यात ड्रमवाल्याची नजर जीपमागच्या पोलिसांवर गेली. तो गडबडला आणि त्याचा हात मारबतीवर गेला.

मुद्दाम नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगीन. पण नागपूरच्या माणसाला ती चाल ऐकून गप्प बसता येत नाही. फाटकाशी एक म्हातारी ओरडली, “रोगराई घेऊन जा गे मारबत!” मागोमाग सगळं मैदान ओरडलं. गिटारवाल्याचे डोळे चमकले. तो माइकमध्ये तोंड घालून ओरडला, “साहेबाले घेऊन जा गे मारबत!” आणि मी अकॉर्डियनचा भाता फाटेपर्यंत ओढला. आयुष्यात इतकं सुख मला कशानेही दिलेलं नाही.

साहेबाला एवढ्या गलक्यातून ‘साहेब’ तेवढं कळलं. त्याने हात जोडले आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाबांना विचारलं, “ये लोग क्या बोल रहे हैं?”

हेडमास्तर पांढरे पडले. फौजदार इथलाच, तो आपल्या बुटांकडे बघायला लागला. बाबा एकदा आमच्याकडे बघून शांतपणे म्हणाले, “साहब, ये हमारे शहर का पुराना स्वागत है। हर किसी का नहीं होता।”

साहेब खूश. इतका खूश की असंच स्वागत त्याने पुढे हिंगण्याच्या शिबिरात मागवलं, मग मौद्याच्या. गावोगाव लोकांनी घसा फोडून त्याला मारबतीच्या हवाली केलं आणि तो हात जोडत राहिला. त्याच्या हाताखालच्या सगळ्यांना अर्थ ठाऊक होता. सांगायची हिंमत एकाचीही नव्हती. शेवटी मौद्याला बढतीसाठी हपापलेल्या कुणीतरी त्याला अर्थ सांगितला, शेवटी जाळतात त्या भागासकट.

बाबा निलंबित झाले. निवडणुका होऊन ते सरकार पडेपर्यंत आईने ब्लाउज शिवून घर चालवलं. बाबा शाळेच्या वेळेला छत्री घेऊन निघायचे आणि वाचनालयात बसून यायचे, गल्लीतल्यांना दिसू नये म्हणून. मला त्यांचा भयंकर राग यायचा. पोरांची चूक झाली, माफ करा, एवढं म्हणाले असते तर नोकरी वाचली असती. आयुष्यभर खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं बोलायला हीच वेळ सापडली का, असं मनात यायचं. पण त्यांच्या वाळलेल्या चेहऱ्याकडे बघून विचारायचा धीर झाला नाही.

तो सिनेमा संपल्यावर सायकल स्टँडकडे जाताना शेवटी विचारलं. “बाबा, त्या दिवशी पोरांची चूक झाली असं काहून नाही म्हटलं तुम्ही?”

“म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, कोणती पोरं? मागं पोलिसांची गाडी उभी होती. एकाचं डोकं त्यायनं आधीच भादरलं होतं, अन् तू तर माही पोरगीच.”

मला रडू फुटलं, भर रस्त्यात. पडद्यावरच्या त्या बापापुढे माझा बाप किती मोठा होता आणि मी किती वर्षं त्याच्यावर रुसून बसले होते. मी डोळे पुसेपर्यंत बाबांनी सायकलचं कुलूप काढलं आणि सीटवर बोटांनी ती चाल वाजवली, अगदी बिनचूक.

“पण तुमचा ड्रमवाला लयीत नव्हता वं,” ते म्हणाले. “साहेबाले तेवढं तरी खरं सांगायले पाहिजे होतं मी.”