निळ्या पिंपातलं पाणी

माझ्या माघारी मुलं मला ‘सांभाळून मॅडम’ म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर नाव चुकीचं नाही. सोलापुरातल्या एका शाळेत मी वीस-बावीस वर्षं विज्ञान शिकवते आहे, आणि प्रयोगशाळेचं कुलूप काढताना मला अजूनही भीती वाटते. आत कपाटात आम्लं आहेत, स्पिरिटचे दिवे आहेत, काचेच्या नळ्या आहेत, आणि बाहेर रांगेत पंधरा वर्षांची बावीस मुलं आहेत. आपल्याला काही होऊ शकतं हेच त्यांना मुळी पटत नाही. त्यांच्या वाटचं भ्यायचं काम मी माझ्याकडे घेतलं आहे.

माझे नियम पुष्कळ आहेत आणि त्यावर स्टाफरूममध्ये पुष्कळ हसणंही होतं. वेण्या बांधलेल्या हव्यात, ओढणी पिन लावून मागे. पाण्याच्या बाटल्या बाहेर व्हरांड्यात ओळीनं ठेवायच्या, कारण प्रयोगशाळेत कुणी काही तोंडाला लावायचं नाही. परीक्षानळीचं तोंड भिंतीकडे, माणसाकडे नाही. आणि दिवा पेटला की कुणी मला हाक मारायची नाही, मग कुणीही असो. एकदा मुख्याध्यापक दारात आले होते, त्यांनाही मी मागे न वळता हातानंच थांबवलं होतं. ते बिचारे खरंच थांबले.

पण माझा सगळ्यात मोठा आधार म्हणजे कोपऱ्यातलं निळं पिंप. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी येतं, कधी पाच. गच्चीवरची टाकी तिसऱ्या दिवशी खडखडते आणि प्रयोगशाळेतल्या बेसिनच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. अंगावर काही सांडलं तर पहिला उपाय पाणी, दुसरा उपाय पाणी, आणि तिसराही पाणीच. म्हणून मी हट्टानं ते पिंप मागून घेतलं होतं. त्यावर झाकण, झाकणावर साखळीनं बांधलेला मग. त्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही, फरशी पुसायलासुद्धा नाही, अशी ताकीद होती. शाळेतल्या शिपाई मावशी म्हणायच्या, “मॅडम, देवाच्या तांब्याला बी येवढं सोवळं नसतंय की.”

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की ते पिंप मीच रिकामं केलं.

जानेवारी महिना होता. शाळा सकाळच्या सत्रात, दहावीची प्रात्यक्षिकं सुरू होती. तो पाणी यायचा दिवस होता. पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. माझ्या आईच्या घरी पहाटेपासून धांदल असायची. उरलेलं शिळं पाणी झाडांना घालायचं, अंगणात मारायचं, हंडे-कळश्या घासून पालथ्या घालायच्या आणि मग नळाकडे कान लावून बसायचं. नवं पाणी शिळ्या पाण्यात घ्यायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, ते अंगातच आहे. माझ्याही घरी मी तेच करते. त्या सकाळीही तेच करून शाळेत आले होते.

साडेसातला पिंपाचं झाकण उघडलं तर आत दोन अळ्या वळवळत होत्या. माझ्या अंगावर काटा आला. शेजारच्या गल्लीत नुकताच डेंग्यू होऊन गेला होता. आता मी अळ्यांना भ्यायचं की रिकाम्या पिंपाला, ते ठरवायला हवं होतं, पण ठरवायची वेळच आली नाही, कारण हात आपोआप बादलीकडे गेले. दहावीतल्या दोन मुली लवकर आल्या होत्या. त्यांना म्हटलं, “पोरींनो, हे सगळं पाणी बागेतल्या झाडांना घाला. नऊ वाजता पाणी येईल, तेव्हा नवं भरू.” त्यातली एक उंच, सडपातळ, एका जागी स्वस्थ न बसणारी. तिचे वडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला जातात. तिनं बादली भरभरून पिंप रिकामं केलं, ब्रशनं आतून घासलं, पालथं घालून निथळू दिलं आणि परत जागेवर आणून झाकण ठेवलं. मी मावशींना सांगितलं, पाणी आलं की पहिल्यांदा हे भरायचं. मावशी “व्हय मॅडम” म्हणाल्या.

दहा वाजता प्रात्यक्षिक सुरू झालं. सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात जस्ताचे तुकडे टाकून नळी तापवायची. दिसायला साधा प्रयोग, पण मला तो कधीच आवडला नाही. आम्ल अंगावर पडलं तर माणूस लगेच ओरडतो, या द्रावणाचं तसं नाही. ते बुळबुळीत लागतं आणि गुपचूप आत शिरत जातं. शाळेत संरक्षक चष्मे अकरा, मुलं बावीस. म्हणून जोडीतल्या नळी धरणाऱ्यानं चष्मा घालायचा आणि निरीक्षण लिहिणाऱ्यानं हातभर लांब उभं राहायचं, असा मी मार्ग काढला होता. तो मार्ग मला तेव्हा शहाणपणाचा वाटत होता.

दिवे पेटले. मी तिसऱ्या टेबलापाशी होते. दारातून मावशींचा आवाज आला, “मॅडम, पानी...” मी मागे न वळता हात वर केला. दिवा पेटलेला असताना हाक मारायची नाही. मावशी थोडा वेळ थांबल्या आणि गेल्या. मला वाटलं, पिंप भरलं असं सांगायला आल्या असतील. बरं वाटलं, इतकंच.

मग खिडकीजवळच्या टेबलावरून फट् असा आवाज आला. तिथल्या जोडीतल्या एकीनं नळी एकाच जागी धरून तापवली होती, आणि आतलं द्रावण उसळून बाहेर आलं. नळीचं तोंड भिंतीकडेच होतं. पण सकाळी पिंप घासणारी ती उंच मुलगी निरीक्षण लिहायला म्हणून नळी आणि भिंत यांच्या मधे वाकली होती. बुडबुडे जवळून बघायचे होते तिला. चष्मा जोडीदारणीच्या डोळ्यांवर होता.

ती ओरडली नाही. दोन्ही हात उजव्या डोळ्यावर घट्ट दाबून ती खाली बसली.

मी पळत पिंपाकडे गेले. झाकण बाजूला केलं, साखळीचा मग आत घातला आणि तो तळाला आपटला. तो आवाज मी आजही झोपेत ऐकते. बेसिनचा नळ सोडला, तो फुसफुसला. बावीस वर्षं मी ज्या क्षणाला भीत होते तो समोर आला होता, आणि मी हातात रिकामा मग घेऊन उभी होते. किती वेळ उभी होते कोण जाणे. तीन सेकंद असतील, चार असतील.

खाली बसलेल्या मुलीनंच सांगितलं. डोळा मिटूनच ती म्हणाली, “मॅडम, भाईर बाटल्या हायत की! आमच्या बाटल्या!”

व्हरांड्यात ओळीनं बाटल्या होत्या. माझ्याच नियमानं. मुलं धावली. कुणीतरी दिवे विझवले. मी तिला बाकावर आडवं केलं, मान उजवीकडे कलती केली आणि तिच्या पापण्या बोटांनी उघडून धरल्या. ती आता ओरडत होती, पाय झाडत होती, आणि पापणी उघडी ठेवण्याइतकं निर्दय काम मी आयुष्यात केलेलं नाही. नाकाच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला बारीक धार. घाई करायची नाही, थांबायचंही नाही. पण मधली सुट्टी होऊन गेली होती. एकेक बाटली अर्धी, कुठे दोन घोट. मी धार धरत होते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून उरलेल्या बाटल्या मोजत होते. निदान पंधरा मिनिटं धुवायचं, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. बाटल्या पुरणार नाहीत हे मला पाचव्या मिनिटाला कळलं. मग मुलं शेजारच्या वर्गांत गेली आणि दप्तरांतून बाटल्या काढून आणू लागली. मावशी माठ उचलून घेऊन आल्या. दारात उभं राहून त्या पुन्हा तेच म्हणाल्या, “मॅडम, पानी आलंच न्हाय. पाइप फुटलाय म्हनं. मगाशी त्येच सांगाय आल्ते.”

मुख्याध्यापकांच्या गाडीतही मी धार सोडली नाही. सीट, साडी, तिचा गणवेश, सगळं चिंब झालं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या खालच्या पापणीच्या आत लिटमस कागदाची एक पट्टी टेकवली. तसलीच पट्टी आम्ही वर्गात वापरतो. मुलीनं तेवढ्यातही विचारलं, “मॅडम, निळी झाली का?”

झाली होती, म्हणजे द्रावण अजून डोळ्यात होतं. मी तिला सांगितलं नाही. डॉक्टरांनी सलाइनची अख्खी बाटली डोळ्यातून वाहवली, पुन्हा पट्टी लावली, पुन्हा एक बाटली. मग म्हणाले, बुबुळावर पांढुरकी छटा आली आहे, ती राहील की जाईल ते तीन दिवसांनी कळेल. इथे येईपर्यंत धुतलं होतं म्हणून निदान आशा तरी आहे.

बाहेर मुख्याध्यापकांनी मला हळू आवाजात विचारलं, “पिंप भरलेलं होतं ना?” मी तोंड उघडायच्या आत, डोळ्याला पट्टी बांधलेली ती बाकावरून म्हणाली, “सकाळी भरल्यालं हुतं सर.”

शब्दशः खरं होतं ते. मुख्याध्यापकांनी मान हलवली. मी गप्प बसले. भित्रेपणा माझ्यात आहे हे मला माहीत होतं, पण तो असलाही आहे हे त्या दिवशी कळलं.

ते तीन दिवस मी कसे काढले ते लिहून दाखवता येणार नाही. घासभर जेवले की वाटायचं, तिचा डोळा गेला तर? एका डोळ्यावर हात ठेवून घरात चालून बघायचे. जिन्यावर पायरी चुकली आणि मी तिथेच बसून रडले. फोनमध्ये त्या सकाळचा महापालिकेचा मेसेज होता, ‘आज पाणी येणार नाही’, आठ वाजून वीस मिनिटांनी आलेला. शाळेत फोन पर्समध्ये बंद ठेवायचा, हाही माझाच नियम.

चौथ्या दिवशी पट्टी निघाली. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, अगदी खालची बारीक अक्षरंसुद्धा. तिला दिसत होतं. डॉक्टरांनी औषध महिनाभर चालू ठेवायला सांगितलं.

दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून आणली होती. “मॅडम, तुमी हुता म्हनून पोरीचा डोळा वाचला,” असं म्हणून ती पाया पडायला वाकली. मी मागे सरकले. त्या क्षणी मला ते सहन झालं नाही. मी सांगून टाकलं, की पिंपात पाणी नव्हतं, आणि ते मीच ओतून टाकायला लावलं होतं, तुमच्याच मुलीच्या हातानं.

ती फडक्याची गाठ सोडत राहिली.

“मला ठावं हाय,” ती म्हणाली. “पोरीनं त्याच दिशी सांगिटलं. म्या बी त्या दिशी घरातलं समदं पानी वतून भांडी पालती घातली हुती. तिच्या बाटलीत हुतं तेवडंच आमच्या घरचं पानी उरल्यालं.” मग तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. “पन मॅडम, आमच्या घरात डोळं जाळनारं औषद न्हाय ठेवत कुनी.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. भाकरी टेबलावर ठेवून ती गेली. मी त्याच दुपारी सगळं कागदावर लिहून मुख्याध्यापकांना दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि फाइलला लावलं. सगळ्यांना पुरतील इतके चष्मे येईपर्यंत मी एकही नळी तापवू दिली नाही.

मुलगी दोन आठवड्यांनी शाळेत आली. योगायोगानं तो पाण्याचाच दिवस होता. साडेसातला मी प्रयोगशाळा उघडली, पिंपाचं झाकण काढलं. पाणी चार दिवसांचं, वर धुळीचा पातळ थर. घरी सकाळीच भांडी पालथी घालून आले होते, आणि माझ्याही नकळत मी बादली उचलली होती. तेवढ्यात ती मागून आली. चष्मा तिनं आधीच डोळ्यांवर चढवला होता. तिनं माझ्या हातातून झाकण घेतलं, पिंपावर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

“आदी नळाला पानी येऊ द्या मॅडम,” ती म्हणाली. “मग वतू.”

मी बादली खाली ठेवली, आणि आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून नळाची वाट बघू लागलो.