सोळा टक्क्यांवर माहेर

सकाळी सहाला नागपुरातून निघालो, तेव्हा गाडीच्या पडद्यावर २१२ किलोमीटर जाता येईल असं लिहून आलं होतं. मी त्यातले वीस मनातल्या मनात कापले. माझी विजेवरची गाडी पाच वर्षांची झाली आहे आणि तिचे अंदाज माझ्या धाकट्या साडूच्या बोलण्यासारखे आहेत. ऐकायला गोड, धरून चालायला धोक्याचे. अर्थात नावं ठेवायचा अधिकार मला नाही. बांधकामांचे अंदाज काढण्यातच माझी सगळी नोकरी गेली आणि त्यातला एक तरी बरोबर आल्याचं मला आठवत नाही.

ऑइल बदलायचं नाही म्हणजे या गाडीला देखभालच नाही, असं लोकांना वाटतं. पण टायर लवकर झिजतात, आणि हवा जरा कमी झाली की पल्ला घटतो. म्हणून आदल्या दिवशी हवा भरून घेतली, डिकी रिकामी केली आणि घरच्या सॉकेटला लावायचा चार्जर आठवणीनं ठेवला. कधी नव्हे ती एवढी तयारी केली, कारण मी मुराळी (सासरच्या बहिणीला माहेरी न्यायला येणारा) म्हणून चाललो होतो.

माझी मोठी बहीण पवनीला असते. तिला मी बाई म्हणतो. भाटवे (बहिणीचे यजमान) वारल्यापासून ती एकटी, आणि आता भाचा तिला कायमची पुण्याला नेणार होता. दुसऱ्याच दिवशी. "जायच्या आधी एकडाव गाव पायलं असतं," एवढंच ती फोनवर म्हणाली होती. आमचं गाव लाखनीच्या पुढे, आडरस्त्याला. वडील गेल्यावर शेत मी विकलं, घर पावसानं पाडलं, आणि त्यानंतर एकवीस वर्षं मी बहिणीला एकदाही माहेरी नेलं नाही. माहेर उरलंच कुठे, असं म्हणून स्वतःची सुटका करून घेत होतो.

भंडाऱ्याच्या अलीकडे महामार्गावरच्या हॉटेलात गाडी चार्जिंगला लावली. माझ्या आधी एक टॅक्सीवाला होता. "ऐंशीच्या वर नका थांबू जी," तो म्हणाला. "मंग लय सावकाश चढते." मी पोहे खाल्ले, ऐंशी टक्के झाल्यावर वायर काढली आणि वैनगंगेचा पूल ओलांडून पवनीचा रस्ता धरला. फेब्रुवारीची कोवळी उन्हं होती. दोन्हीकडे उन्हाळी धानाची रोवणी (भातलावणी) चालली होती. एसी बंद, काचा खाली, आणि माझी नजर रस्त्यापेक्षा आकड्यावर जास्त.

बाई दारातच तयार बसली होती. चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवं लुगडं, केसांना तेल. गाडीत बसल्यावर तिनं बराच वेळ कान दिला.

"चालू झाली का रे?"

"झाली की. पवनी मागं पडली."

"आवाजच नाही करत. तुया भाटव्याची राजदूत गल्लीत शिरली का साऱ्या गल्लीले समजे." मग तिनं पडद्याकडे बोट केलं. "हे काय?"

"अजून किती चालेल त्याचा अंदाज."

"अंदाजच ना," ती म्हणाली आणि बाहेर पाहू लागली.

लाखनीत घोळ झाला. मोबाइलवर दाखवलेलं चार्जिंग मिळालं, पण त्या खांबावर पोतं बांधलेलं होतं. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "दिवाळीपासून बंद आहे जी. जो येते त्याले हेच सांगून राहिलो." पडद्यावर पंचेचाळीस किलोमीटर उरले होते. मागे भंडाऱ्याला वळलो तर जेमतेम पोहोचलो असतो. पुढे गाव पंधरावर, पण तिथून परतीला काही उरलं नसतं. ट्रक अंगावरून जात होते.

"चाल वापस," बाई म्हणाली. "लाखनीपर्यंत आलो, हेच लय झालं."

ती रागानं म्हणाली असती तर मी खरोखर वळलो असतो. पण ती समजूत काढत होती, माझी. एकवीस वर्षं काढत होती तशीच. मला इतकी लाज वाटली की मी गाडी सरळ गावाच्या रस्त्याला घातली.

गावाच्या तलावापाशी पोहोचलो तेव्हा पडद्यावर सोळा टक्के होते. पाळीवर (तलावाच्या बांधावर) मोहाची झाडं तशीच उभी, पाण्यात बदकं. खाली आमचंच शेत, म्हणजे आता देवरामचं. तो बांधावरून आला. मी ओळख सांगितली, अडचणही सांगितली.

"एवढंच ना? मोटरीच्या पेटीत सॉकेट आहे," तो म्हणाला. "या हप्त्यात शेताची लाईन दिवसाची आहे, पाचपर्यंत. पुढच्या हप्त्यात आले असते तर रातभर बसा लागलं असतं." आणि बाईकडे वळून, "या आत्या." गावाच्या लेकीला पुढची पिढी आत्याच म्हणते. बाईनं पदर सावरला. कितीतरी वर्षांत तिला असं कोणी म्हटलं नसावं.

चार्जर लावला तर लाल दिवा. पुन्हा लावला, पुन्हा लाल. मी पुस्तिका उघडून बसलो. देवरामची बायको सुमन रोवणीतून वर आली, दिवा पाहिला आणि बादलीभर पाण्यात दोन मुठी मीठ कालवून पेटीजवळच्या खड्ड्यात ओतलं. "अर्थिंगचा खड्डा वाळते जी," ती म्हणाली. "मंग आमची मोटर बी अशीच रुसते." थोड्या वेळानं दिवा हिरवा झाला. पुस्तिका मी गुपचूप मिटली.

सुमननं आम्हाला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि पोपटाच्या (वालाच्या) दाण्यांची वांगी घातलेली भाजी वाढली. भाजीच्या तिखटानं माझ्या डोळ्यांत पाणी आणलं. बाई मात्र दुसऱ्यांदा भात मागून जेवली. मग ती पाळीवर जाऊन आली, कोणत्या झाडाखाली आई बसायची ते मला दाखवलं आणि अचानक लुगडं खोचून बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या वावरात) उतरली.

"आत्या, पाय घसरन," सुमन म्हणाली.

"याच चिखलात चालाले शिकली मी."

सुमनच्या हातातली पऱ्यांची (धानाच्या रोपांची) जुडी घेऊन तिनं वाकून एक ओळ लावली. सावकाश, पण सरळ. मी बांधावर बसून पाहत होतो. हे वावर मी विकलं होतं, तिला एका शब्दानं न विचारता. तिच्या हिश्श्यापोटी मी कागदावर फक्त तिची सही घेतली होती.

तीन वाजता मी गाडीत डोकावलो. सत्तेचाळीस टक्के. पवनीला जायला पुरेसे होते. मागोमाग बाई आली, चिखलाचे पाय तसेच.

"झाली का रे?"

"नाही बाई. अजून वेळ आहे."

"बरं," ती म्हणाली आणि परत बांधीकडे गेली.

पाचला लाईन गेली. आता थांबायला कारण उरलं नव्हतं. सुमननं सूपभर तांदूळ आणून बाईच्या पदरात घातले. "गावची लेक रिकामी जात नाही आत्या," ती म्हणाली. पवनीपर्यंत बाईनं तो पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली आणि मी नागपूरला परतलो. घरी गाडी धुतली. तिच्या बाजूच्या पायपुसण्यावरचा चिखल मात्र मला धुववला नाही.

परवा तिचा फोन आला. सातव्या मजल्यावर राहते, तक्रार करत नाही. बोलता बोलता म्हणाली, "तीन वाजताच पुरत होती ना रे तुयी गाडी? मले आकडे वाचता येते."

"मग बोलली का नाहीस?"

"कायले बोलू? तू पयल्यांदाच मले 'थांब' म्हणून राहिला होता."

मग तिनं विचारलं, "पुण्याले येयाले किती खेपा भरा लागते ती गाडी?"

मी हिशेब केला. "पाच तरी, बाई."

"दोन दिवस लागतीन मंग," ती म्हणाली. "लागू दे. मी आहो अठीच."